ओंजळ कर

पेला ओठांपाशी गेला होता. सरपंचाच्या पुतण्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. थेंबही सांडला नाही. सफाईदार काम. पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव.

"थांब," तो म्हणाला. "ओंजळ कर."

जरा वेळापूर्वी मी 'फोटोग्राफर साहेब' होतो. नगरच्या माझ्या स्टुडिओतून एस.टी.ने आलेलो, गळ्यात कॅमेरा, पायांत बूट. मधे घडलं ते एवढंच. मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हातारीने मला ओळखलं आणि ती म्हणाली, "जयभीम, लेकरा."

मी म्हणालो, "जयभीम, मावशी."

त्या एका शब्दाने गावाला माझी जात कळली. बूट, पँट, स्टुडिओ, सगळं उतरलं.

गाव पारनेर तालुक्यातलं. बांगलादेशची लढाई होऊन काही महिने झाले होते आणि दुष्काळ पडला होता. लढाईत गावचा एक जवान पडला. महारवाड्यातला. म्हातारी त्याची आई. पलटणीत परत जाण्याआधी तो तिला घेऊन माझ्या स्टुडिओत आला होता, गणवेशात फोटो काढायला. तोच फोटो मोठा करून आज सत्काराच्या व्यासपीठावर ठेवला होता. फोटोला खुर्ची होती. आईला पोतं.

कर्णा ओरडत होता, "वीरमातेचा विजय असो!"

त्या वर्षी असे पुष्कळ सोहळे मी पाहिले. रीत सगळीकडे एकच. मेलेला मागे, हार घालणारा पुढे, आणि हार घालणाऱ्याची नजर कॅमेऱ्यात.

मी ओंजळ केली नाही. "तहान नाही," म्हणालो. जीभ टाळूला चिकटली होती. लहानपणी शाळेत अशा ओंजळी खूप केल्या. पाणी कोपरांवरून चड्डीत ओघळायचं आणि वर्ग हसायचा. मास्तरही.

तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "वाईच पानी दे रं बाबा."

पुतण्या तांब्या घेऊन गेला. हात उंच धरला.

"ए म्हातारे, ओंजळ कर."

ती वाकली. पाणी वरून पडू लागलं. कर्ण्यावर 'वीरमाता' चालूच. मागे व्यासपीठावर तिचा पोरगा, झेंडूत बुडालेला. माझ्या रोलमध्ये एकच फोटो उरला होता, प्रमुख पाहुण्यांसाठी राखलेला. मी कॅमेरा उचलला. तांब्या, ओंजळ, पोरगा. तिन्ही चौकटीत बसले. खटका दाबला.

मग पाहुण्यांची जीप आली. सरपंचांची धांदल उडाली.

"म्हातारीला वर घ्या! साहेब, तुमी तिला नारळ द्या. ए फोटोवाल्या, फुडं ये."

आता त्यांना ती व्यासपीठावर चालत होती. फोटोपुरती.

मी जागचा हललो नाही. "रोल संपला," म्हणालो. "वीरमातेचा फोटो काढलाय मी. पाणी पिताना."



पुतण्या धावून आला. "रोल दे हिकडं. गावाच्या अब्रूचा सवाल हाय."

"एवढी अब्रू होती, तर हात खाली का नाही आणला?"

त्याने माझी गचांडी धरली. पाहुण्यांनी फेट्याचा शेमला नीट केला आणि दुसरीकडे पाहिलं. त्या कलेत ते तयार होते. मांडवाबाहेरची महारवाड्यातली माणसं उठली, येऊन माझ्याभोवती उभी राहिली. पुतण्याची पकड सुटली. त्यांनीच मला सडकेपर्यंत पोचवलं.

फोटो धुतला आणि आधी म्हातारीकडे नेला. "मावशी, तुम्ही नको म्हणालात तर फाडून टाकतो."

तिने तो डोळ्यांजवळ धरला. पोराच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "फाडतो कशापायी? वरून पानी वतनारी मी हाय व्हय? लाव काचंत."

स्टुडिओच्या दर्शनी काचेत, नवरानवरीच्या फोटोंच्या मधोमध, मी तो लावला. खाली लिहिलं, वीरमाता.

सरपंच स्वतः आले. आधी गोडीने बोलले, मग धमकीने. गिऱ्हाईक तुटलं. एका सकाळी काच फुटलेली सापडली, फोटो गायब. निगेटिव्ह माझ्यापाशी होती. तिच्यावरून दुसरी प्रत काढली, पहिलीपेक्षा मोठी. नवी काच बसवली.

पुन्हा फोडा. पुन्हा बसवीन. त्या गावातला तांब्या जोवर वरून ओततो आहे, तोवर हा फोटो इथून हलणार नाही. आणि माझे हे दोन हात कॅमेरा धरतील, पेला धरतील. ओंजळ करणार नाहीत.