मेजापासून दूर राहिलो ते महिने

आजाराबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट आपोआप हलायला लागलं, मी मनावर घेतलं नाही. मग मनगट हलायला लागलं, तेव्हा बोरिवलीच्या डॉक्टरांनी मला खोलीत चालायला लावलं, कागदावर गोल काढायला सांगितला आणि पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. आजार हळूहळू वाढतो, घाबरू नका, असं ते म्हणाले. मी घाबरलो नव्हतोच. मला एकच प्रश्न पडला होता आणि तो डॉक्टरांना विचारण्यासारखा नव्हता. प्रभुभोजनाचा ट्रे आता मी कसा धरणार?

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान आहे. चारकोपला एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी मिळतो, तिथे उपासना होते. बहुतेक घरं मूळची नगर-जालन्याकडची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळकसाहेब पुढे मेजापाशी उभे राहून प्रार्थना करतात आणि मंडळीतले वडील, म्हणजे सेवेसाठी निवडलेली वयस्क माणसं, भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे ट्रे घेऊन बाकांमधून फिरतात. पेले काचेचे आणि एवढेसे असतात, ट्रेमधल्या भोकांत उभे केलेले, काठोकाठ भरलेले. रसाचा तो ट्रे कित्येक वर्षं माझ्याकडे होता. मी इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर होतो, हाताला वळण होतं. माझ्या हातून कधी थेंब सांडला नाही, हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही जरा जास्तच माहीत होतं.

बाकी माझं आयुष्य सरळ होतं. दारू नाही, तंबाखू नाही, सकाळची प्रार्थना चुकवली नाही, घरातही कोणाला चुकवू दिली नाही. समर्पित जीवन म्हणजे काय, असं कोणी विचारलं असतं तर मी तोंडाने शास्त्रातलं काहीतरी सांगितलं असतं, पण डोळ्यांसमोर तो ट्रेच आला असता. देवाने मला दिलेलं काम ते आहे आणि मी ते नीट करतो, एवढा माझा हिशोब होता. आता हात थरथरतोय म्हटल्यावर तो हिशोबच कोलमडला. देवाला माझी सेवा नको झाली की काय, असंही वाटून गेलं. हे मी बायकोलाही सांगितलं नाही. हाताचं तिला माहीत होतं, मनातलं नाही.

लोकांना हात दिसू नये म्हणून मी तो खिशात ठेवायला लागलो. गीताचं पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरायचो. पण पहिला रविवार जवळ आला. शेवटी पाळकसाहेबांना गाठलं. ते वयाने माझ्या मुलाएवढे, नवीनच आलेले.

"साहेब, काही दिवस मला मेजापासून दूर राहू द्या," मी म्हणालो. "मन तयार नाहीये."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काका, कोणाशी काही झालंय का?"

"ते देवाला ठाऊक."

उत्तर मला फार शोभून दिसलं. त्यातून काय होईल याचा मात्र मी विचार केला नव्हता. आमच्याकडे जुनी रीत आहे. मनात कोणाबद्दल किल्मिष असेल तर आधी त्या माणसाकडे जाऊन समेट करायचा, मगच भाकर आणि पेला घ्यायचा. तोवर नुसतं बसून राहायचं. मला ट्रे धरायचा नव्हताच, पण बाकावर बसून तो इवलासा पेला उचलणंही जमण्यातलं नव्हतं. म्हणून मी ट्रे आला की मान खाली घालून बसायचो. पहिल्या महिन्यात लोकांनी पाहिलं, दुसऱ्या महिन्यात कुजबूज सुरू झाली. एवढा देवमाणूस भाकर घेत नाही म्हणजे कोणीतरी त्याला जबर दुखावलंय, असं सगळे धरून चालले.

मग लोक घरी यायला लागले. एक बाई आल्या, ख्रिसमसच्या कार्यक्रमात माझी प्रार्थना मध्येच थांबवायला लावली म्हणून माफी मागून गेल्या. मला ती गोष्ट आठवतही नव्हती. एकाने मला पाठीमागे 'हेडमास्तर' म्हटल्याचं कबूल केलं. आणखी एक जोडपं आलं, ते काय केलं तेच सांगेनात, नुसते रडले आणि चहा घेऊन गेले. मी प्रत्येकाला म्हणायचो, तसं काही नाही हो. त्यावर ते आणखी हळवे व्हायचे, केवढं मोठं मन म्हणायचे. खरं सांगायला तोंड उघडायचो आणि मिटायचो. एकदा हाताचं कळलं की ट्रे कायमचा दुसऱ्याकडे जाणार, हे मला सोसवत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, प्रभाकरराव आले. निवृत्त शिक्षक, आमच्या मागच्या बाकावर बसायचे, आवाज खर्जातला. आमचं नातं रविवारी सलाम करण्यापुरतं. माझ्या बायकोने, सुलभाने, दोघांसमोर चहा ठेवला आणि ती आत गेली. प्रभाकररावांनी चहाचा एक घोट घेतला.

"भाऊ, तुम्हाला कोणीतरी सांगितलं असणार," ते म्हणाले. "माझ्या पुतणीचं आणि तुमच्या अनिलचं जमत होतं, तेव्हा मीच मोडता घातला."

मला कोणीही काही सांगितलं नव्हतं. अनिल माझा एकुलता मुलगा. त्याचं ते स्थळ ऐन बोलणीत असताना मुलीकडच्यांनी नाही म्हटलं होतं. पोरगा त्यानंतर वर्षभर घरात धड बोलला नव्हता. पुढे त्याचं दुसरीकडे लग्न झालं, संसार चांगला चाललाय, पण ते वर्ष मी विसरलो नव्हतो.

"काय सांगितलं होतं तुम्ही त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं की मुलगा सोन्यासारखा आहे, पण बापाने घराचं देऊळ करून ठेवलंय. पोरगी तिथे गुदमरेल." त्यांनी खाली मान घातली. "माझा काय संबंध होता? मला माफ करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस माझ्या मनात कोणाबद्दल काही नव्हतं आणि मी आहे असं भासवत होतो. आता खरंच होतं. प्रभाकररावांनी माझ्या कपाकडे पाहिलं. मी चहाला हात लावला नव्हता, कारण लावला असता तर बशीत सांडला असता.

"माझ्यासमोर चहासुद्धा घ्यावासा वाटत नाही, खरंय तुमचं," ते म्हणाले आणि उठले. मी त्यांना थांबवलं नाही. त्यांना तसं वाटलं ते मला बरंच वाटलं.

सुलभा बाहेर आली. स्वयंपाकघरातून तिला सगळं ऐकू जातं. मी म्हणालो, "ऐकलंस ना? काय बोलला हा माणूस माझ्याबद्दल!"

"खोटं काय बोलले?" ती कप उचलत म्हणाली. "आपला अनिल दहिसरला राहायला गेला तो काय तिथे पाणी चांगलं येतं म्हणून?"

तिने हे चिडून म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. ती अगदी साध्या आवाजात बोलली, पुष्कळ वर्षं माहीत असलेलं सांगावं तशी. मी आतल्या खोलीत जाऊन प्रार्थनेला बसलो. नेहमीचे शब्द तोंडात आले आणि पहिल्यांदाच ते मला माझ्याच कानांनी ऐकू आले. माझी सेवा स्वीकार, माझे हात वापर, मला पवित्र ठेव. सगळीकडे मीच. बोलावंसं वाटेना. गप्प बसून राहिलो, हात मांडीवर थरथरत होता आणि पहिल्यांदाच मी त्याला दुसऱ्या हाताने दाबून धरला नाही. कोणी काही बोललं नाही, प्रकाश दिसला नाही. राग गेला असंही नाही. फक्त एवढं लक्षात आलं, की एक माणूस रीतीप्रमाणे माझ्या दारात आला होता, स्वतःहून आला होता, आणि मी त्याला माझ्या खोटेपणात गुंडाळून परत पाठवला होता.

मी फोन लावला.

"प्रभाकरराव, उद्या रसाचा ट्रे कोण धरणार आहे?"

ते म्हणाले, "पाळकसाहेबांनी मला सांगितलंय. पण मी नाही म्हणणार आहे. तुमच्या मनात असं असताना मी कसा धरू?"

"धरा तुम्ही. मी बसणार आहे घ्यायला." मग एका दमात बोलून टाकलं. "चहा घेतला नाही त्याचं कारण माझा हात आहे. मला पार्किन्सन्स झालाय. मेजापासून लांब राहिलो तेही त्याचमुळे, कोणावर राग नव्हता. तुमच्यावर आज आलाय. तो आहेच, खोटं कशाला बोलू? पण मी माफ केलंय. मनाला पोचायला वेळ लागेल."

"चालेल की हो," ते म्हणाले आणि त्यांचा खर्जातला आवाज फुटला. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी उपासनेआधी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. मग सुलभाशेजारी बाकावर जाऊन बसलो. पुढे मेजापाशी प्रभाकरराव ट्रे घेऊन उभे होते, नवशिक्यासारखे, कोपरं अंगाला चिकटवून. मला त्यांची पकड चुकतेय हे दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं. भाकर आली, ती मी तळहातावर घेऊन कशीबशी तोंडात टाकली. मग ते आमच्या रांगेपाशी आले. मी हात पुढे केला. बोटं पेल्याला लागली मात्र, शेजारचे पेले किणकिणायला लागले. पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून पाहिलं. मी हात मागे घेतला.

प्रभाकररावांनी ट्रे सुलभाच्या हातात दिला, एक पेला उचलला आणि वाकून माझ्या तोंडाशी धरला. एवढ्या वर्षांत त्या हॉलमधल्या किती जणांना मी रस दिला असेल. कोणाच्या हातून घ्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती. मी तोंड उघडलं, लहान मूल उघडतं तसं. त्यांचाही हात कापत होता, माझ्यापेक्षा जास्त. निम्मा रस माझ्या पांढऱ्या शर्टावर सांडला, सगळ्यांसमोर. ज्याला मी महिनोन्महिने भीत होतो ते हेच. गीत चालूच होतं, मागे कोणाचं तरी बाळ रडत होतं, आणि मला एवढं हलकं वाटलं की मी चक्क हसलो.

याला चमत्कार म्हणा असं माझं म्हणणं नाही. हात तसाच आहे, गोळ्या वाढल्यात. प्रभाकररावांबद्दलचा राग कधी गेला ते मला कळलंही नाही. ट्रे आता तेच धरतात. ते आमच्या रांगेत आले की मी हात मांडीवर ठेवून तोंड उघडतो. देवाने माझ्याकडून सेवा काढून घेतली असं मला वाटत होतं, आणि तो तर मला आपल्या हाताने वाढायला थांबला होता. त्याचे आभार मानायला मला अजून नीट शब्द सापडलेले नाहीत. त्या रविवारी मात्र मी अनिलला फोन केला, आणि तो बोलत असताना मध्ये एकदाही बोललो नाही.