राहून गेलेला क

आमच्या किर्गिझ मुलखातल्या आत-बाशी गावच्या बाजारात, नोटरीच्या कचेरीसमोर एसेनकुलचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, लोखंडी मालडब्याला खिडकी पाडलेली. आत तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दोन हिवाळे मिनतवाऱ्या करून वळणावर आणलेला स्कॅनर. माणूस एकटाच.

तीन मशीनं अशासाठी की एकावर भागत नाही. मोठ्यावर लिनक्स, ते एसेनकुलचं लाडकं. पण सरकारी अर्जाचा प्रोग्राम विंडोजशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून तेवढ्यापुरता एक जुना लॅपटॉप. तो प्रिंटरला ओळख देत नाही, म्हणून तिसरं मशीन मध्यस्थीला. कोणी फोनमधला फोटो घेऊन येतो, कोणी व्हायरसनं बुजबुजलेला पेनड्राइव्ह. एसेनकुल तो लिनक्सवर धुऊनपुसून घेतो, फाइल उघडतो, सरकलेल्या ओळी जागेवर आणतो आणि कागद हातात देतो. रविवारी जनावरांचा बाजार भरला की मेंढ्यांच्या दाखल्यांसाठी रांग लागते, तेव्हा त्याला चहा प्यायलाही सवड होत नाही.

मोठ्या मशीनवर सगळं किर्गिझमध्ये आहे. गिऱ्हाइकं खिडकीतून वाकून बघतात आणि हसतात. थोरल्या माणसाला आमच्यात 'बायके' म्हणतात. परवा एक घोडेवाला म्हणाला, "बायके, हे कोणी लिहिलं? तुमच्या पणज्यानं का?"

"मी लिहिलं," एसेनकुल म्हणाला.

"मग रशियन लावा की. माणसांना कळेल असं."

यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. मशीनवरचा प्रत्येक शब्द, प्रत्येक सूचना एसेनकुलनं नऊ हिवाळ्यांत किर्गिझमध्ये आणली होती, फुकट, हजारो वाक्यं. जगात कुठेही कोणी लिनक्स किर्गिझमध्ये लावलं की हीच वाक्यं दिसतात. सुरुवातीला बिश्केकचे दोन विद्यार्थी जोडीला होते. एकाला नोकरी लागली, दुसरा कोरियाला गेला. लिनक्सच्या अनुवादकांच्या यादीत इतर भाषांपुढे नावांच्या रांगा आहेत, किर्गिझपुढे एकच नाव.

त्याची बायको कालिचा घरी होती तेव्हा म्हणायची की लिहिणाराही तूच आणि वाचणाराही तूच. चार वर्षांपूर्वी ती लेकीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी रशियात येकातेरिनबर्गला गेली. बाळ आता बालवाडीत जातं, कालिचा अजून तिथेच आहे. ती ज्यावरून फोन करते तो प्रोग्राम लिनक्सवर मुका होतो, म्हणून एसेनकुल मोबाइल प्रिंटरला टेकवून बोलतो. ती विचारते, "म्हातारबा, जेवलास का?" तो जेवलो म्हणतो. मग नातू मध्ये येऊन रशियनमध्ये काहीतरी सांगून जातो. त्या घरात एसेनकुलवाचून कुणाचं अडत नाही, हे त्याला कळतं आणि सोसत नाही.

आता त्या 'क'बद्दल. आमच्यात 'कोचुरू' म्हणजे नक्कल काढणं आणि 'ओचुरू' म्हणजे पुसून टाकणं. फरक एका क-चा. फाइली एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवून घेताना पडद्यावर जी सूचना येते, तिच्यात एसेनकुलच्या हातून तो क राहून गेला होता. मशीन निमूटपणे नक्कल काढत असे आणि वर लिहून येई, 'तुमच्या फाइली पुसल्या जात आहेत.' असलं वाक्य वाचून कुणीही घाबरून जावं. स्वतःच्याच लिखाणावरून रोज नजर फिरवणाऱ्या एसेनकुलच्या ते चार वर्षांनी लक्षात आलं.

तो लाजेनं लाल झाला. दुरुस्तीला एक मिनिटही लागलं नसतं. पण बोट बटणावर असतानाच त्याच्या मनात आलं, चार वर्षांत एकही माणूस ओरडला नाही. म्हणजे वाचणारं कोणी नाहीच. आणि असलंच, तर आज ना उद्या हे वाक्य बघून बोंब मारेल. त्यानं क लावला नाही. चूक गळाला आमिष लावावं तशी तिथेच ठेवून दिली.

त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडलं की किटली ठेवायच्या आधी तो इंटरनेटवरचं अनुवादाच्या तक्रारींचं पान बघायचा. त्याला दुसरं काही नको होतं, जगात आणखी एकानं हे वाचलंय एवढंच कळायला हवं होतं. दोन वर्षं पान कोरं राहिलं.

गेल्या ऑक्टोबरात एका मंगळवारी तिथे पत्र होतं. सीमेपलीकडच्या, किर्गिझ वस्तीच्या मुरगाबहून, बुरुलचा नावाच्या शाळामास्तरणीचं. रशियनमध्ये नसलेली जी तीन किर्गिझ अक्षरं आमचे लोक फोनवर लिहिताना आळसानं गाळतात, ती तिन्ही तिच्या पत्रात जागच्या जागी होती. एसेनकुलला इतका आनंद झाला की तो आधी उठून दार लावून आला. मग वाचायला बसला.

'बायके, चूक माझीही असेल. तीन वर्षं मी तुमचं किर्गिझ वापरते, मुलांनाही त्यावरच शिकवते. हे कुठल्यातरी कंपनीचं काम असेल असं वाटायचं, आत माणूस आहे हे आज यादीत तुमचं नाव दिसल्यावर कळलं. आजवर कॅमेऱ्याच्या कार्डावरून किंवा आणखी कुठूनच काही उतरवून घेतलं नव्हतं. काल आईचे फोटो घेत होते, तर वर आलं की पुसले जात आहेत. घाबरून मी कार्ड ओढून काढलं. आता ते कुठलंच मशीन वाचत नाही. आई एप्रिलात गेली, दुसरे फोटो नाहीत. तेवढा शब्द बघाल का?'

त्या दिवशी दार उघडलंच नाही. लोक खिडकी वाजवून गेले. एसेनकुलनं पहिल्यांदा क लावला, खरंच एक मिनिट लागलं नाही. मग कार्ड पाठवून दे, मी प्रयत्न करतो, असं लिहिलं. एवढ्यावर भागलं असतं. नजरचुकीनं राहिलं म्हणाला असता तर तिनं मानलंही असतं. पण ज्या एका माणसाची वाट बघितली, त्याच्याशी पहिलंच बोलणं खोटं करायला त्याचं मन घेईना. त्यानं लिहिलं, 'ही चूक मला दोन वर्षं माहीत होती. कुणीतरी वाचतंय का हे कळावं म्हणून मी ती मुद्दाम ठेवली. मी इथे एकटा आहे.'

चार दिवस काही आलं नाही. शनिवारी आलं.

'बायके, इथल्या राजधानीत, दुशान्बेला दाखवलं, कार्ड गेलंच. रागानं लिहीत नाही. पण मी तीन वर्षं इथेच होते. कोणी आहे का, असं नुसतं विचारलं असतंत तर मी ओ दिली असती. शाळेतली मशीनं आम्ही आता रशियनवर केली आहेत. मुलांसमोर पुन्हा असं काही यायला नको.'

एसेनकुलनं त्यानंतर तीन पत्रं पाठवली. एकालाही उत्तर आलं नाही.

वसंतात नवी आवृत्ती निघाली. तिच्यात क जागच्या जागी होता, आणि तो वाचायला एकटा एसेनकुल होता.