मूस बढ गया

तो प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. खरं तर तो माझ्या नोकरीतला नव्हेच. अंगावर खाकी नव्हती, अटकेचा अधिकार नव्हता, नोंद करायला स्टेशन डायरीही नव्हती. तरी खात्यातल्या आठवणी लिहायला बसलो की सगळ्यांना मागे सारून हाच पुढे येतो. म्हणून आधी तो सांगून मोकळा होतो.

मी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो ते सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्यातून. त्या भागात घरोघरी गलाईवाले. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा त्यांचा धंदा, आणि त्यापायी माणसं कुठे कुठे पांगलेली. त्यांच्यातल्याच एका ओळखीच्याने मला कुवेतची नोकरी सुचवली. तिथल्या एका सोनं गाळण्याच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी हवा होता. घरी बसून शब्दकोडी सोडवण्याचा मला वीट आला होता, त्यामुळे हिला घेऊन गेलो. अब्बासियात दोन खोल्या मिळाल्या. खाली केरळी किराणावाला, समोर कंपनीच्या बसचा थांबा. सकाळी कामगारांची हजेरी, सुटताना झडती, एवढंच काम. ठाण्यात जे माझे हवालदार करायचे ते आता मी करत होतो. ही म्हणायची, "अहो, तुमची बढती झाली की उलटं झालं?"

कारखान्यात येणारं बरंचसं सोनं सुदानमधलं असायचं. सोबतच्या कागदावर भलत्याच देशाचं नाव असे. मी एकदा विचारलं, तेव्हा मॅनेजर नुसता हसला, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. ते सोनं म्हणजे मळकट, ओबडधोबड गोळ्या. तिथे माणसं दोराने विहिरीसारख्या खड्ड्यात उतरतात, दगड फोडून वर आणतात, चक्कीत दळतात, त्यात पारा चोळतात आणि मग पारा जाळून टाकतात. उरते ती ही गोळी. देशात लढाई चालू, सरकार नावापुरतं. खड्डा खणणारा एक आणि खड्ड्यावर बंदूक घेऊन बसलेला दुसरा, अशी तिथली वाटणी.

हे सगळं मला सांगितलं ते माल घेऊन येणाऱ्या सुदानी माणसाने. उंच, सावकाश बोलणारा, पांढरा लांब झगा घालणारा. पूर्वी तो कुवेतमध्येच, वफ्राच्या शेतांवर राखणदार होता. तिथल्या हिंदुस्थानी मजुरांत राहून कामापुरती हिंदी शिकला होता. मला 'अंकल' म्हणायचा.

एक दिवस तो आला आणि माझ्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून राहिला. ओरडला नाही, हात आपटले नाहीत. आरडाओरडा करणारा फिर्यादी निम्मा राग दारातच सांडतो. जो गप्प बसतो त्याचं खरंच काहीतरी अडलेलं असतं, हे ठाण्यात पाहून पाहून कळतं. मी त्याला चहा दिला.

"अंकल, मेरा सोना कम निकला," तो म्हणाला. "उधर मेरा भाई बैठा है. दामिन."

तो दामिन म्हणाला आणि मला जामीन ऐकू आलं. शब्द तोच आहे, त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेला. मी जन्मभर माणसं जामिनावर सोडली. तिथे जामिनालाच धरून ठेवतात. मालाचे पैसे येईपर्यंत त्याचा धाकटा भाऊ बंदूकवाल्यांच्या ताब्यात होता. माल त्यांनी स्वतःच्या काट्यावर तोलून दिला होता. आता गाळून कमी भरला म्हटल्यावर ते म्हणणार, दोघा भावांनी मिळून चोरला. आणि भाऊ त्यांच्याच हातात.

मी मॅनेजरकडे गेलो. केरळचा माणूस, हिशेबात नेटका, मालकाला भयंकर घाबरणारा. त्याच्याकडे संशयित तयारच होता. आमचा गलाईवाला, माझ्याच तालुक्याकडचा. सुदान्याचा माल भट्टीवर गाळत असताना त्याला धुराने भोवळ आली आणि ड्रायव्हरने त्याला इस्पितळात नेलं. गाडीतून त्याने मॅनेजरला व्हॉइस पाठवला होता. मॅनेजरने तो मला ऐकवला.

"साब, मूस बढ गया है. मैं आएगा तब तक भट्टी को हाथ मत लगाना."

मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं. हा शब्द कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी होता.

"देखो," मॅनेजर म्हणाला. "पहले बोलता है बढ गया. मतलब माल ज्यादा निकला. फिर बोलता है हाथ मत लगाना. क्यों? ज्यादा वाला खुद लेने का था. मैंने दूसरे दिन भट्टी खुलवाया. मूस में सोना था, लेकिन कम. उतने में किसी आदमी को बोल के निकलवा लिया होगा."

खरं सांगतो, मलाही ते पटलं. याहून कच्च्या पुराव्यावर मी माणसं लॉकअपमध्ये टाकलेली आहेत. मालकाने, म्हणजे अरबाबने, मला बोलावून घेतलं. तो बोटातली जपमाळ फिरवत होता. "तुम पुलिस था ना? निकालो. रविवार तक नहीं निकला तो मखफर." मखफर म्हणजे तिथली पोलीस चौकी. तिथे गेला की तुरुंग, आणि तुरुंगानंतर विमानात बसवून कायमची पाठवणी.

चौकशी चहाच्या खोलीत घेतली. मॅनेजरची एक अट होती: मराठीत बोलायचं नाही. दोघे एका गावाकडचे, आपसात काय ठरवतील कोण जाणे. अट रास्त होती. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

गलाईवाला इस्पितळातून आदल्याच दिवशी सुटला होता. पन्नाशीचा माणूस, डोळे खोल गेलेले, हात थरथरत होते. कप बशीवर वाजत होता. मॅनेजरने माझ्याकडे पाहून भुवई उचलली. हात थरथरले की आपण समजतो मनात काहीतरी आहे. त्याच्या मनात नव्हतं, अंगात होतं. त्या गोळ्यांत पारा राहिलेला असतो, आणि भट्टीत तो धूर होऊन वर येतो. हे मला इस्पितळाच्या कागदावरून नंतर कळलं.

मी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. गाव कुठलं, घरी कोण, पाऊसपाणी कसं. त्याने एका शब्दात उत्तरं दिली. मग मुद्द्यावर आलो.

"सोना किधर गया?"

"मैंने बोला ना साब. मूस बढ गया."

"बढ गया तो कम कैसे निकला?"

"बढ गया इसलिए कम निकला!" तो एकदम उखडला. "अब बढ गया तो मैं क्या करूँ? मेरे हाथ में है क्या?"

मॅनेजरने टेबलावर हलकेच थाप मारली. त्याच्या लेखी कबुली झाली होती. मीही विचार केला, माणूस उलटसुलट बोलतोय, म्हणजे खोटं बोलतोय. दुपारपर्यंत तेच तेच चाललं. मी तोच प्रश्न फिरवून विचारायचो आणि तो तेच उत्तर वाढत्या रागाने द्यायचा. शेवटी तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि अट मोडून मराठीत एवढंच म्हणाला, "सायेब, काय बी म्हना, पर चोर म्हनू नका. आमच्यात चोर म्हटलं की पोराबाळांचा बी धंदा बसतो."

मॅनेजरने लगेच विचारलं, "क्या बोला?" मी सांगितलं. तो म्हणाला, "सब चोर यही बोलते हैं." खरं होतं. बहुतेक सगळे हेच बोलतात.

बाहेर बाकावर सुदानी बसलेलाच होता. हातात फोन, स्क्रीनवर भावाचा फोटो. फोन करत नव्हता, नुसता धरून होता. मला अशा वेळी फार थकवा येतो. नोकरीतही यायचा. माणसाला काहीतरी चांगलं सांगायचं असतं आणि आपल्याकडे सांगायला काहीच नसतं. मी मान खाली घालून बसमध्ये चढलो.

दुसरा दिवस शुक्रवार, सुट्टीचा. मी चहा घेत बसलो होतो आणि ही स्वयंपाकघरात भांडी घासत होती. कुकर नळावर आदळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हिचा.

"अगं बाई! बांगडी वाढली."

"लागलं का?"

"नाही हो. हिरवी होती, चांगली होती. इथे तशी मिळायची नाही."

मी पुन्हा कपाकडे वळलो. आणि तसाच थांबलो.

बांगडी फुटली असं आपल्या घरात कुणी म्हणत नाही. बांगडी वाढते. दिवा विझत नाही, वाढतो. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. लहानपणापासून हे ऐकत आलो, रोज बोलत आलो. पण तो गलाईवाला माझ्याशी हिंदीत बोलत होता आणि मीही त्याचं बोलणं हिंदीतच ऐकत होतो. भट्टीपाशी उभा असलेला माणूस मूस फुटली असं कसं म्हणेल? तो वाढलीच म्हणणार. आणि परक्या भाषेत सांगायची वेळ आली की शब्दाला शब्द ठेवून मोकळा होणार: बढ गया.

म्हणजे मूस फुटली होती. सोनं खाली सांडलं होतं. आणि तो बिचारा भोवळ आलेली असताना गाडीतून सांगत होता की मी येईपर्यंत भट्टीला हात लावू नका.

"अहो, चहा निवतोय," ही म्हणाली.

"तुझी बांगडी मला दे."

"फुटकी बांगडी कशाला हवी तुम्हाला?" म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. मी हसलो. त्या आठवड्यात तेवढंच हसलो.

तडक त्याच्या खोलीवर गेलो. ती अब्बासियातच होती, एका खोलीत सहा-सात जणांच्या खाटा. मराठीत विचारलं, "मूस वाढली म्हणजे गेली का रे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडा आहे. "मग मी पहिल्यापासनं काय सांगतोय? बाजूनं चीर गेली. जेवढं चिरेच्या वर, तेवढं खाली गेलं. तळाच्या विटांत बसलं असंल. त्यांनी भट्टी परत पेटवली का काय?"

पेटवली होती. काम थांबून चालणार नव्हतं. त्याच भट्टीवर दुसऱ्यांचा माल गाळला जात होता आणि सुदान्याचं सोनं त्याच्या खाली पडून होतं. ती मूस मॅनेजरने वरून पाहिली होती. तो हिशेबाचा माणूस, काजळी धरलेल्या भांड्याच्या अंगावरची चीर त्याला कुठून दिसणार? रिकामी करून त्याने ती जुनी झालेली म्हणून भंगारात टाकून दिली होती.

दुपारच्या नमाजानंतर अरबाबच्या घरी गेलो. भट्टी थंड करून फोडायची म्हटल्यावर त्याचा चेहरा आंबट झाला. "नहीं निकला तो?"

"तो इसके साथ मेरा भी टिकट काटो."

शनिवारी भट्टी फोडली. पंचनाम्याची सवय जात नाही. मी सगळ्यांना समोर उभं केलं. अरबाब, मॅनेजर, सुदानी. गलाईवाल्याला छिन्नी धरवेना, म्हणून दुसऱ्याने फोडली आणि तो नुसता बोटाने दाखवत राहिला. तळाची वीट उचकटली तेव्हा तिला चिकटलेलं सोनं दिसलं, तव्याला चिकटलेल्या धिरड्यासारखं पातळ, कडा वर आलेल्या. गाळून, जोडून काट्यावर ठेवलं. वजन जुळलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅनेजर गलाईवाल्याला म्हणाला, "भाई, टूटा बोलना था ना. सीधा टूटा." गलाईवाल्याने कानाला हात लावला. "भट्टी के सामने टूटा-फूटा नहीं बोलते, साब. बढ गया बोलते."

सुदानी काट्याचा फोटो काढत होता. तो थांबला आणि त्याने मला नीट विचारून घेतलं. मी सांगितलं, आमच्यात फुटलेल्याला, विझलेल्याला, संपलेल्याला तसं म्हणत नाहीत. वाढलं म्हणतात. त्याला ते लगेच उमगलं. "हमारे उधर भी," तो म्हणाला. "अंधा आदमी को अंधा नहीं बोलता. बसीर बोलता. मतलब देखने वाला." मग तो शब्द त्याने एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. बढ गया. फोटो पाठवला आणि फोन दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

पैसे त्याच दिवशी सुटले. गलाईवाल्यावरचा आळ गेला, पण तब्येतीमुळे महिन्याभरात तो गावी परतला. जाताना माझ्या पाया पडायला आला. मी पडू दिलं नाही, कारण त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. बांगडी हिची होती.

चौकशी म्हणजे समोरच्याकडून खरं काढून घेणं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं आणि मी पुढच्या पोरांना तेच शिकवलं. इथे खरं पहिल्या दिवशीच सांगून झालं होतं. स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या फोनवरून. त्या माणसाने एकदाही जबाब बदलला नव्हता. आम्ही सगळे मिळून ते खरं खोटं ठरवत बसलो होतो आणि तिकडे एक माणूस खड्ड्याच्या तोंडाशी वाट बघत होता. ऐकलेलं समजलं असं धरून चालण्याची खोड मला या एका प्रकरणाने सोडायला लावली. उशिरा लावली.

सुदानी बरेच दिवस दिसला नाही. मग एका सकाळी हजेरी घेताना तो फाटकाशी उभा दिसला. माल नव्हता, हात रिकामे होते. मी त्याला आत घेतलं, बाकावर बसवलं, चहा मागवला.

"पैसा पहुंचा?"

"पहुंचा, अंकल."

"और भाई? छूटा?"

त्याने कप खाली ठेवला. शब्द शोधायला त्याला वेळ लागला नाही. तो बहुधा वाटेतच ठरवून आला होता.

"भाई बढ गया, अंकल."

हा शब्द माणसासाठी वापरत नाहीत, हे मला त्याला सांगायला हवं होतं. मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो, आणि बाहेर हजेरीची रांग तशीच उभी राहिली.