शेवंताबाईनं सांगितलेले चार महिने

लामता गावात एके काळी शेवंताबाई दारात उभी राहिली, की घरातली गडबड आपोआप थांबायची. पुरुष अंगणात जाऊन बसायचे, सासवा पाणी तापवायला धावायच्या, आणि आतली बाळंतीण नुसता तिचा आवाज ऐकून आवळलेल्या मुठी सोडायची. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत धुतलेले, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पोटावर तळवा ठेवून डोळे मिटायची आणि सांगायची, पाचवा लागला, पोळ्याच्या आधी मोकळी होशील. बहुतेक वेळा तसंच घडायचं. पुढे सरकारी आशाताई आल्या, दारात दवाखान्याची गाडी येऊ लागली, बायका बालाघाटला बाळंत होऊ लागल्या. शेवंताबाईनं त्याचा राग धरला नाही. "बरं झालं, माही झोप तरी होते," म्हणायची. पण एखादी नवी सून वाटेत थांबून हळूच पोट दाखवायचीच, आणि त्या दिवशी शेवंताबाईला दोन घास जास्त जायचे.

अशा बाईच्या तळव्याखाली एका दुपारी तिची स्वतःची लेक आली.

मंजू चोवीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. लालबर्र्याला एका शाळेत शिकवायची, तिथंच खोली करून राहायची. त्या खेपेला घरी आली ती ओटीपोट जड वाटतं म्हणत. शेवंताबाईनं तिला खाटेवर निजवलं. बेंबीखाली घट्ट, गोल काहीतरी हाताला लागलं. तळवा उचलला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"कोनाचं हाय?"

"काय कोनाचं?"

"चार महिने झाले. मले शिकवू नको."

"माय, माही पाळी येऊन राह्यली ना. मागच्याच हफ्त्यात होती."

"असं सांगनाऱ्या पोरी म्या लय पाह्यल्या."

मंजू म्हणाली, मेडिकलमधून तपासायची पट्टी आण, पाच मिनट का काम है. शेवंताबाई जागची हलली नाही. मेडिकलवाला गावचाच. तिनं पट्टी मागितली असती, तर दिवेलागणीपर्यंत लामत्यात बोभाटा झाला असता.

तिनं एकालाच सांगितलं, थोरल्या लेकाला, वीरेंद्रला. तो भरवेलीच्या खाणीत कामाला. मोटारसायकलवर आला, लालबर्र्याची खोली रिकामी केली, सामान ओसरीवर टाकलं आणि त्या दिवसापासून बहिणीचं नाव घेणं सोडलं. त्यानंतर शेवंताबाईनं जे केलं, ते तिनं मुलाच्याही कानावर घातलं नाही. जन्मभर कितीतरी बाया पदरात तोंड घालून तिच्याकडे पोट पाडायचा काढा मागायला आल्या होत्या. तिनं एकीलाही दिला नव्हता. मंजूला दिला. मंजूनं आधी पेल्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"यानं तुह्या जिवाले बरं वाटत असन, तर आन."

आणि प्यायली. सलग तीन दिवस.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उजव्या बाजूनं अशी कळ उठली, की मंजू ओकाऱ्या देत जमिनीवर लोळू लागली. वीरेंद्रनं जीप आणली. बालाघाटपर्यंत तिचं डोकं शेवंताबाईच्या मांडीवर होतं, आणि शेवंताबाई डॉक्टरणीला काय थाप मारायची ते मनात जुळवत होती. दवाखान्यात पोचताच तिनं डॉक्टर श्रियांना कोपऱ्यात गाठलं.

"बाई, पोरीची इज्जत तुमच्या हातात हाय."

श्रियाबाईंनी सोनोग्राफी केली आणि तिला आत बोलावलं. "मावशी, गर्भ नाहीये. उजव्या अंडाशयावर गाठ आहे, तिला पीळ बसलाय. ऑपरेशन आत्ताच करायला हवं. दुर्बिणीनं करू, पोट फाडणार नाही, तीन लहान छिद्रं फक्त. तिला काही औषध दिलंत का?"

तेव्हा काढ्याचं सांगावं लागलं. श्रियाबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. लिहिताना त्यांनी वर पाहिलं नाही, आणि शेवंताबाईला ते रागावण्याहून जड गेलं.

दीड तासानं नर्स दाराशी आली. "मंजूचे नातेवाईक?" काढलेली वस्तू घरच्यांना दाखवायची तिथली रीत. शेवंताबाई पुढे झाली. स्टीलच्या ट्रेमध्ये चरबीसारखं पिवळं काहीतरी होतं, त्यात काळ्या केसांचा गुंता, आणि गुंत्यात दोन पांढरे दात.

"मंग हे काय हाय?" ती म्हणाली. "म्या म्हनलं होतं ना."

आणि तेवढ्या एका क्षणाला तिला बरं वाटलं. आपला हात चुकला नव्हता. लेक आत बेशुद्ध पडलेली, आणि आईला बरं वाटलं. पुढे आयुष्यात तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या एका क्षणाची.

मागून श्रियाबाई आल्या. "मावशी, हे तिचे स्वतःचेच केस, स्वतःचेच दात. याला डर्मॉइड म्हणतात. जन्माच्या आधीपासून शरीरात काही पेशी राहून जातात, त्यातून हे वाढतं. शाळकरी मुलींनाही होतं. यात पुरुषाचा काही संबंध नसतो. पीळ सोडवला, गाठ पिशवीत घालून छिद्रातून बाहेर काढली. अंडाशय काळं पडलं होतं, पण रंग परत आला, म्हणून ठेवलंय. तीन आठवड्यांपूर्वी आणलं असतंत, तर ठरवून, निवांत केलं असतं."

दुसऱ्या दिवशी मंजू उशीला टेकून बसली होती. शेवंताबाई बाजूच्या स्टुलावर.

"मंजे, माहा हात चुकला."

"हात नाही चुकला, माय. गोळा तं होताच तिथं. मी सांगून राह्यली होती, ते तू आयकलं नाही."

शेवंताबाईनं तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

"दादाले सांग," मंजू म्हणाली.

"डॉक्टरबाईनं सांगतलं त्याले."

"तिनं नाही. तू सांग. माह्यासमोर."

वीरेंद्र चहा घेऊन आत आला. शेवंताबाई उभी राहिली. भल्याभल्या सासऱ्यांना अंगणात बसवून ठेवणारी ही बाई, तिला पोटच्या पोरापुढे तोंड उघडेना.

"वीरू, इनं काही केलं नव्हतं. हे खरं बोलत होती. म्या खोटी ठरवली. अन् म्या... म्या इले काढा पाजला. तीन दिवस."

काढ्याचं वीरेंद्रला ठाऊक नव्हतं. चहाचा कप त्यानं खिडकीत ठेवला. मग पलंगाच्या कडेला येऊन म्हणाला, "मंजू."

"पानी पायजे," मंजू म्हणाली.

शेवंताबाई लगबगीनं तांब्याकडे वळली.

"तू बस, माय. दादाले देऊ दे."

शेवंताबाई बसली.