कोऱ्या कागदांचा गठ्ठा

जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या एका मिलमध्ये एकोणीस दिवस संप चालला आणि धर्मराजची युनियनमधली अकरा वर्षांची पुढारकी गेली. ती घालवली वाटूरच्या मच्छिंद्रनं. भट्टीवरचा साधा कामगार, पण बोलायला लागला की समोरच्याचं रक्त तापायचं. गेटवर पत्र्याच्या पिंपावर चढून त्यानं शब्द दिल्ता, “महिनाभरात मतदान! एक माणूस, एक चिठ्ठी. इथून पुढं युनियन कुणा एकाची न्हाई!”

महिना भरत आला, तसे कामगार त्याच्या खोलीवर कोरे कागद आणून द्यायला लागले. खाली नुसती सही. रीत धर्मराजच्याच वेळची. पुढाऱ्यानं वर मजकूर लिहून घ्यायचा, म्हणजे शिफ्ट सोडून कुणाला सहीसाठी पळायला नको.

“मतदान कशाला, दादा? तुम्हीच बघा आता सगळं,” म्हणायचे अन् चहालाही न थांबता जायचे.

संपतनंही दिला. दोघं एकाच भट्टीवरचे. लाल सळई उसळून संपतच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली होती, म्हणून सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा.

“हा मतदानाच्या अर्जाला हाये. दुसरं काही लिव्हलं तर बघ, मच्छ्या.”

“माझ्यावर भरवसा न्हाई का?”

“तुझ्यावर हाये. ह्या गठ्ठ्यावर न्हाई.”

शनिवारी खबर आली. धर्मराज ढाब्यावर मटणाच्या पंगती घालून राह्यला. मच्छिंद्र खाटेवर बसून एकेक तोंड आठवत गेला. हा फुटेल. तोही. निम्मे तरी जाणार. एकोणीस दिवस उपाशी काढले ते एका दुपारच्या रश्श्यात बुडणार. एकच वर्ष, त्यानं मनाशी ठरवलं. लोक शहाणे होईस्तोवर. मंग मतदान.

रविवारी दार लावून तो लिहायला बसला. ‘आम्हाला निवडणूक नको. सर्व अधिकार मच्छिंद्र यांच्याकडे असावेत.’ पहिल्या कागदावर अक्षर वाकडं आलं. विसाव्यापासून अक्षर सरळ आलं. संपतचा कागद त्यानं बाजूला काढला. पण एकच कमी पडला तर ऑफिसात बोट तिथंच ठेवतील. त्याच्यावरही लिहिलं.

सोमवारी मिलच्या ऑफिसनं ते कागद बिलकुल खुशीनं ठेवून घेतले. एकाच माणसाशी बोलायचं, त्यांना बराबर सोयीचं. दुपारपर्यंत मतदान रद्द झाल्याची नोटीस लागली. शिफ्ट सुटताना संपतनं त्याला गेटवर गाठलं.

“माझ्या अंगठ्यावर काय लिव्हलं?”

“वर्षाचा तर प्रश्न हाये रे. न्हाई तर धर्मराज परत आला असता.”

“धर्मराज निदान विचारून लिव्हायचा,” संपत म्हणाला, आणि वाट पाहत उभ्या असलेल्या टेम्पोत चढून गेला.

पुढच्या शिफ्टचे लोक आत येत होते. मच्छिंद्रला पाहताच त्यांचं बोलणं थांबलं. कुणीतरी आपल्याला शिवी हासडावी, कॉलर धरावी, असं त्याला फार वाटलं.

“कुणाला काही बोलायचं हाये का?” त्यानं मोठ्यानं विचारलं.

“न्हाई, साहेब. तुम्ही म्हणाल तसं.”

त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं.