तिसरा वाटा सासूचा

धायरीत नव्या इमारती उठू लागल्या तेव्हा जया घरोघरी जाऊन पडदे शिवून द्यायची. नवरा मच्छिंद्र हिंजवडीला कंपनीची बस चालवायचा. लग्नाआधीच त्याने स्वतःच्या कमाईने धायरीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. एका सकाळी बस डेपोत लावता लावताच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. मुलगी सृष्टी तेव्हा चौथीत होती.

तेरावं झालं आणि धाकटा दीर पोपट सोसायटीत जाऊन आला. फ्लॅटला नॉमिनी म्हणून त्याचंच नाव होतं. मच्छिंद्रने लग्नाआधी लावलेलं, पुढे बदलायचं राहून गेलेलं. पोपट वाईट माणूस नव्हता. नॉमिनी म्हणजे मालक, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. सृष्टीचं शिक्षण होईपर्यंत खुशाल राहा, असं त्याने मोठ्या मनाने सांगितलं.

जया भांडली नाही. कोथरूडच्या एका घरी तिने पडदे लावले होते, तिथल्या प्रियदर्शनीताई वकील होत्या. ती त्यांच्याकडे गेली.

"नॉमिनी हा नुसता राखणदार," ताई म्हणाल्या. "मृत्युपत्र नाही, म्हणजे घर वारसांचं. वारस तिघी. तुम्ही, सृष्टी आणि तुमच्या सासूबाई. तिघींचा सारखा वाटा."

पहिलं वाक्य ऐकून जयाला हायसं वाटलं होतं. शेवटचं ऐकून ते टिकलं नाही. सासू मुक्ताई पोपटकडे राहायची आणि तो म्हणेल तिथे अंगठा उठवायची. तिचा वाटा म्हणजे पोपटचाच, हे उघड होतं. पण जो कायदा आपल्याला घर देतो, तोच सासूलाही देतो. अर्धाच कसा मानायचा? घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पोपटच्या घरी जाऊन दोघांसमोर सगळं सांगितलं. पोपटने आधी वाद घातला, मग तो आईकडे वळला. तुझा वाटा माझ्या नावे करून टाक, म्हणाला.

मुक्ताईचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. "माजा बी हाय?" तिने जयाला विचारलं. "कागदावर?"

"हो आई. तुमचा हक्कच आहे."

माहेरी भावांनी सांगितल्याबरोबर मुक्ताईने हक्क सोडला होता. सासरी तर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"आधी माज्या नावावर हुंदे," ती पोपटला म्हणाली. "मग कुणाला द्यायचं ते मी बघीन."

सोसायटीच्या दफ्तरी तीन नावं लागली. त्या दिवाळीला पोपट जयाकडे उभ्या उभ्या आला आणि न जेवता गेला. मुक्ताई मात्र महिना-महिना जयाकडे राहू लागली. दोन वर्षांनी प्रियदर्शनीताईंकडे जाऊन तिने मृत्युपत्र केलं. शेजारचे डॉक्टर आणि सोसायटीचे सेक्रेटरी साक्षीदार झाले. आपला वाटा तिने सृष्टीला दिला आणि पोपट राहायचा ते गावातलं घर त्याला. ते घर नवऱ्याने तिच्या नावावर घेतलं होतं, हे ताईंनी कागद बघितले तेव्हाच तिला कळलं; पोपटही ते विसरला होता. घरी येऊन तिनेच हे त्याच्या तोंडावर सांगितलं, म्हणजे मागे कुणी कुणाशी भांडायला नको. पोपटने ऐकून घेतलं. पुढच्या दिवाळीला तो जेवून गेला.

जयाचं दुकान आता मुख्य रस्त्यावर आहे. नवं घर घेतलेली जोडपी पडद्यांची मापं द्यायला येतात. माप लिहून झालं की ती सहज विचारते, नॉमिनी कोण लावलंय, आणि मृत्युपत्र केलंय का. काहींना ते अशुभ वाटतं. जया तरीही विचारते.