फ्राऊ हॉकिन्सची निळी ताटली

मी मोजमापाचा माणूस. आठवडाभर कारखान्यात केसाएवढ्या फरकावरून भांडतो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या इंग्लिश भांड्यांच्या मागे लागतो. मातीचं भांडं, वर कथलाची पांढरी झिलई, त्यावर निळी चित्रं. ते कुठल्या गावचं, कुठल्या दशकातलं, हे ओळखायचं. माझी बायको स्वरूपा याला रिकामटेकडे उद्योग म्हणते.

जर्मनीत ब्राउनश्वाइगला आमच्या वरच्या मजल्यावर फ्राऊ हॉकिन्स, म्हणजे हॉकिन्सबाई, राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, पोस्टातून निवृत्त, पाठ ताठ. जिन्यात भेटल्या की मला 'हेर परचुरे', म्हणजे परचुरेसाहेब, अशी हाक मारून सायकली कुठे ठेवायच्या नाहीत ते सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या प्लमचा केक घेऊन आल्या, तो एका निळ्या-पांढऱ्या ताटलीवर. मी त्यांच्यासमोरच ताटली उलटी केली. केक गालिच्यावर पडला, पण कडेखाली तीन खुणा दिसल्या, जुन्या काळी भट्टीत ताटली ज्यांवर टेकवत त्या खुंट्यांच्या, आणि मी धन्य झालो.

आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. चकल्या घालून ताटली वर गेली. फ्राऊ हॉकिन्सनाही कुणाचं देणं ठेवायची सवय नव्हती, त्यामुळे ताटलीवर पुन्हा केक आला. मग लाडू, मग केक, मग करंज्या. दर फेरीला माझं मत बदलायचं. चकल्यांच्या वेळी लंडन, करंज्यांच्या वेळी लिव्हरपूल, शेवटी झिलईतली निळसर झाक बघून ब्रिस्टल, साधारण १७६०. ताटली परत द्यायला मी स्वतः जायचो आणि कॉफी पीत तिच्याकडेच बघत बसायचो.

"अरे उत्कर्ष, त्यांना सांग तरी ती किती जुनी आहे ते," स्वरूपा तळता तळता म्हणायची. "फुटली म्हणजे?"

"सांगितलं की कपाटात बंद करून ठेवतील. मग मला बघायला मिळेल का?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि माझं तळण सुटेल."

गेल्या महिन्यात फ्राऊ हॉकिन्स मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या. मी खोकी बांधायला गेलो, तर ताटली वर्तमानपत्रात गुंडाळून पातेल्यांमध्ये कोंबलेली. गप्प बसलो तर ती फुटणार, बोललो तर लबाडी उघडी पडणार. शेवटी बोललो. झिलई, खुणा, ब्रिस्टल, सगळं एका दमात.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आल्झो, तर मग ब्रिस्टल बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझा नवरा ब्रिस्टलचा. ब्रिटिश लष्करातून इथे आला आणि इथलाच झाला. ही त्याच्या आजीची ताटली."

दारावरच्या घंटीखाली हॉकिन्स हे इंग्लिश नाव, सोफ्याच्या वर गणवेशातल्या गृहस्थांचा फोटो, आणि मी भिंग घेऊन खुंट्यांच्या खुणा तपासत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमचं संशोधन संपलं असतं, हेर परचुरे. मग वर कोण आलं असतं?"

मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मी ताटली बाहेर काढली, जाड टॉवेलात गुंडाळली आणि विचारलं, "तुमची मुलगी कुठे राहते?"

दोन वर्षांत, ताटली सोडून, मी त्यांना विचारलेली ती पहिलीच गोष्ट होती.